गावाच्या आरोग्याचा पैसा कुणाच्या हातात?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले. त्यातली आशा कार्यकर्ती पुढे घराघरांत पोचली. पण त्याच योजनेतली एक छोटी तरतूद फारशा चर्चेत आली नाही. प्रत्येक गावात आरोग्य समिती करायची, तिचे बँकेत खाते काढायचे आणि त्यात वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी जमा करायचा. हा पैसा कशावर खर्च करायचा हे मंत्रालयाने ठरवायचे नाही, गावाने बसून ठरवायचे. उपकेंद्रालाही असेच दहा हजार, प्राथमिक आरोग्य केंद्राला पंचवीस हजार, शिवाय केंद्राच्या देखभालीसाठी पन्नास हजार आणि रुग्ण कल्याण समितीसाठी एक लाख. सरकारी आरोग्य व्यवस्थेत खालच्या माणसाच्या हातात, त्याच्या मर्जीने खर्च करायला पैसे देण्याची ही मोठी सुरुवात होती.

दीड हजार वस्तीच्या गावात दहा हजार रुपये म्हणजे माणशी वर्षाला सात रुपयेही नाहीत. तरीही रात्री कळा सुरू झालेल्या बाईला आरोग्य केंद्रात न्यायला जीपचे भाडे, अंगणवाडीतला बिघडलेला वजनकाटा, पाण्याच्या टाकीत टाकायची टीसीएल पावडर, डबक्यात सोडायचे गप्पी मासे, हातपंपाची दुरुस्ती, एवढे यातून होऊ शकते. आणि ते वेळेवर झाले तर एखादे बाळंतपण वाटेत होण्याचे टळते, एखाद्या पाड्यावरची जुलाबाची साथ आवरते. ज्या गावाला तालुक्याची एसटी दिवसातून एकदाच मिळते, तिथे जीपचे भाडे देणारे कुणीतरी असणे हीच आरोग्यसेवा असते.

अडचण होते ती पैशाच्या वाटेत. वर्षाचा निधी अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यावर पडतो आणि मार्चअखेर तो खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचे असते. ज्या समितीने वर्षभर बसून विचार करायचा, तिला पंधरा दिवसांत बिले गोळा करावी लागतात. मग तालुक्याच्या दुकानात जे लगेच मिळते ते घेतले जाते: खुर्च्या, कपाट, फलक. जीपचे भाडे मार्चमध्ये देता येत नाही, कारण कळा जुलैत सुरू झालेल्या असतात. समितीच्या बैठकीला पाड्यावरची बाई क्वचित येते, आणि आली तरी तिच्यापुढे मंजूर ठरावाचा कागदच येतो. दहा हजारांचा आकडाही तिथेच राहिला. केंद्राच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांतही तो तेवढाच आहे, आणि या काळात डिझेल कुठल्या कुठे गेले.

सामुदायिक निधीचा प्रश्न इथेच उभा राहतो. किती पैसे दिले ही त्याची एक बाजू. कशासाठी द्यायचे हे कुणी ठरवले, आणि किती वर्षे देत राहिले, या दोन बाजूंकडे मात्र निधी देणाऱ्यांचे नेहमी दुर्लक्ष होते. आरोग्यसेवेपासून दूर राहिलेल्या माणसांसाठी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे जे टिकून उभे राहिले, त्याच्या मुळाशी पाहिले तर बहुतेक ठिकाणी या दोन गोष्टी सापडतात.

जामखेडची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही, पण पैशाच्या अंगाने ती फार कमी वेळा सांगितली जाते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आले, ते गावातल्या पुढाऱ्यांशी बोलून आणि त्यांच्या बोलावण्यावरून. काम सुरू करायला गावाने जनावरांच्या जुन्या दवाखान्याची इमारत दिली. लोकांना विचारले तर त्यांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती. पाणी आणि अन्न हवे होते. म्हणून आरोग्याच्या प्रकल्पात विहिरी, कूपनलिका आणि शेतकरी मंडळे आली. बाहेरच्या एखाद्या निधीने 'औषधोपचार' या शीर्षाखाली पैसे दिले असते आणि तेवढ्यालाच धरून बसला असता, तर जामखेड झाले नसते.

दुसरी गोष्ट माणसांची. सुरुवातीला प्रशिक्षित नर्सबाईंना गावात ठेवून पाहिले. त्या गावात रमल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपले म्हटले नाही. तेव्हा गावच्याच बाया निवडायचे ठरले. त्यांत बऱ्याच दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि परत जाऊन गावात काम करायच्या. जातीपातीने ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्या बायांच्या हातून गावातली बाळंतपणे होऊ लागली. १९७१मध्ये तिथल्या गावांत हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९७६पर्यंत ५२वर आला. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागाच्या प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश होता, आणि तीन वर्षांनी अल्मा-आटा येथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, तिच्यामागच्या मोजक्या उदाहरणांत जामखेड होते. आरोळे दाम्पत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बाहेरून पैसा न घेता उभे राहण्याचेही प्रयोग झाले. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी विमा योजना काढली, तिची वर्गणी ज्वारीत घेतली. सुगीच्या दिवसांत गावात ज्वारी गोळा व्हायची. भूमिहीनाकडून कमी, जमीनवाल्याकडून जास्त. शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते, धान्य असते, हे ओळखून बनवलेली ही व्यवस्था होती.

छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहरा येथे लोहखाणीतल्या मजुरांनी तर स्वतःचे रुग्णालयच बांधले. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या संघटनेने १९७७च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या अकरा कामगारांच्या स्मरणार्थ जून १९८३मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. पैसा मजुरांच्या वर्गणीचा, बांधकामातले श्रमही त्यांचेच. मोठ्या देणगीदारांकडे त्यांनी हात पसरला नाही. आरोग्य कार्यकर्तेही खाणीत काम करणाऱ्यांतूनच तयार झाले आणि कामाची पाळी संपवून रुग्णालयात येऊ लागले. तरी हा मार्ग सगळ्यांसाठी नाही, हे इथेच म्हटले पाहिजे. दल्ली-राजहराला नियमित मजुरी मिळवणारा, संघटित कामगार होता. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या आदिवासी कुटुंबाने आपल्या रुग्णालयाचा खर्च स्वतःच उचलावा असे म्हणणे म्हणजे त्याच्या गरिबीची किंमत त्याच्याकडूनच वसूल करणे. अशा ठिकाणी बाहेरचा पैसा लागतोच.

तो पैसा धीराने दिला तर काय होते याचे सर्वात स्पष्ट उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६मध्ये तिथे आले, 'सर्च' संस्था उभी राहिली. आदिवासींसाठी दवाखाना कसा हवा हे त्यांनाच विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते, आपल्या गावासारखा हवा, असे उत्तर आले. म्हणून झोपड्यांच्या रूपात, दंतेश्वरी देवीच्या नावाने रुग्णालय बांधले. पुढे आदिवासी आरोग्य संसद भरू लागली, गावांनी आपले आजार सांगितले, आणि मलेरियासारखे विषय कामाच्या यादीत वर आले.

न्यूमोनियाने बाळे दगावत होती. निरक्षर बाईने बाळाचा श्वास कसा मोजायचा? त्यासाठी मणी ओवलेले एक साधे साधन केले गेले, सोबत मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हात लाल मण्यापर्यंत पोचला तर बाळाला औषध लागणार. नवजात बाळांसाठीचे काम १९९५मध्ये ३९ गावांत सुरू झाले. गावातलीच एक बाई बाळंतिणीच्या घरी जायची, बाळाला झोळीत घालून वजन करायची, त्याला उबदार गुंडाळायची, आईला अंगावर पाजायला शिकवायची, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायची. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. या संशोधनामागे मॅकआर्थर आणि फोर्ड या प्रतिष्ठानांचा पैसा होता. नंतर महाराष्ट्रातल्या आणखी सात संस्थांनी आपापल्या भागात हीच पद्धत वापरून पाहिली, आणि २०११मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत देशभर घरपोच नवजात बालसेवा सुरू केली.

पहिल्या गावापासून राष्ट्रीय धोरणापर्यंत सोळा वर्षे गेली. आज बहुतेक निधी तीन वर्षांचा असतो आणि पहिल्याच वर्षाच्या शेवटी 'परिणाम' मागतो. गडचिरोलीत पहिल्या वर्षी दाखवायला काय होते? गावांची गणना, बायांची निवड, प्रशिक्षण. बाळांच्या मृत्यूची नोंद नीट ठेवू लागल्यावर सुरुवातीला आकडा उलट वाढलेला दिसू शकतो, कारण आधी ती मुले कुठल्याच वहीत नसतात. घाईतल्या देणगीदाराने हे अपयश मानले असते.

परदेशातही प्रश्न हाच आहे, आणि अमेरिकेतले उत्तर पाहण्यासारखे आहे. डॉ. जॅक गायगर हे तरुणपणी दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क यांचे सामुदायिक आरोग्य केंद्र पाहून आले होते. जॉन्सन सरकारच्या गरिबीविरोधी कार्यक्रमातून निधी मिळवून त्यांनी आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी १९६५मध्ये बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत आणि लवकरच मिसिसिपीतल्या माउंड बायू येथे आरोग्य केंद्रे सुरू केली. माउंड बायूच्या कृष्णवर्णीय शेतमजुरांची मुले उपाशी होती. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहायला सुरुवात केली. दुकानदाराचे पैसे केंद्राच्या औषधाच्या निधीतून दिले गेले. निधी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा कुपोषणावरचे औषध अन्नच आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. पुढे तिथे लोकांनी सहकारी शेतीही उभी केली. जामखेडच्या विहिरी आणि मिसिसिपीतले भाजीपाल्याचे वाफे एकमेकांना न पाहता एकाच गरजेतून आले.

त्या दोन केंद्रांची आज अमेरिकेत सुमारे चौदाशे संस्थांची व्यवस्था झाली आहे आणि तीन कोटींहून अधिक लोक तिथे उपचार घेतात. संघराज्य सरकारचे अनुदान हवे असेल तर एक अट मोडता येत नाही: केंद्राच्या नियामक मंडळात किमान ५१ टक्के सदस्य तिथे उपचार घेणारे रुग्ण असले पाहिजेत. संचालकाची नेमणूक, अंदाजपत्रक, केंद्र किती वाजता उघडायचे, हे ते मंडळ ठरवते. अमेरिकेच्या आरोग्य व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत, पण ही अट आपण मनावर घ्यावी अशी आहे.

आपल्याकडच्या रुग्ण कल्याण समितीचा उगम वेगळा. १९९४मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, त्या सुमारास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांनी थैमान घातले होते. प्रशासनाने रुग्णालय रिकामे केले, साफ केले, लोकवर्गणीतून दुरुस्त केले आणि पुढे कारभारासाठी समिती नेमली. मध्य प्रदेशाने ही कल्पना राज्यभर नेली, नंतर ती ग्रामीण आरोग्य अभियानात आली. पण तिच्याबरोबर रुग्णांकडून फी घेऊन समितीचा खर्च भागवण्याची सवयही आली, आणि ज्याच्या खिशात केसपेपरचेही पैसे नाहीत त्याला ती बाहेर ठेवते. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले, हा निर्णय योग्यच होता. आता समित्यांचा भार अनुदानावर आहे, आणि समितीत बसतात बहुतांशी अधिकारी आणि लोकप्रतिनिधी. रुग्ण त्या टेबलावर कुठे आहेत?

याच प्रश्नावर महाराष्ट्राने २००७मध्ये एक धाडसी पाऊल टाकले. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्यस्तरावर पुण्याच्या 'साथी' संस्थेने समन्वय केला, गावागावांत स्थानिक संघटना उतरल्या. गावकरी एकत्र बसून आरोग्यसेवांचे प्रगतिपत्रक भरत: चांगल्यासाठी हिरवा रंग, बऱ्यासाठी पिवळा, वाईटासाठी लाल. नर्सताई येतात का, लस मिळते का, बाहेरून औषध आणायला सांगतात का, पैसे मागतात का. मग जनसुनवाई. मंचावर तालुका आरोग्य अधिकारी, समोर आपले गाऱ्हाणे घेऊन उठलेली बाई. आरोग्य केंद्राबाहेर औषधसाठ्याचे फलक लागले, बेकायदा घेतलेले पैसे काही ठिकाणी परत करावे लागले, डॉक्टर जागेवर दिसू लागले. निधीची दिशाही बदलली. प्रसूत झालेल्या बाईला अंघोळीला गरम पाणी, नातेवाइकांना बसायला जागा, चालू स्थितीतले शौचालय, अशा मागण्या समितीपुढे येऊ लागल्या. या सगळ्याचा खर्च सरकारी अभियानातूनच होत होता. सरकारने लोकांना स्वतःलाच जाब विचारण्यासाठी पैसे द्यावेत, हे आपल्याकडे फार क्वचित घडते. इमारतीवरच्या खर्चाच्या मानाने हा खर्च नगण्य असतो, आणि कपातीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड बहुधा अशाच खर्चावर पडते.

विमा योजनेने हा प्रश्न सुटतो असे काहींना वाटते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेने हजारो शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आणल्या, हे नाकारता येत नाही. पण विम्याचा पैसा अंगीकृत रुग्णालयाकडे जातो, आणि अशी रुग्णालये शहरांत एकवटलेली आहेत. नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर, जिथे तरंगता दवाखाना बोटीने जातो, तिथल्या ताप आलेल्या मुलाला कार्डापेक्षा बोटीचे डिझेल आणि तिच्यात रोज बसणारी नर्स अधिक महत्त्वाची.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, १ एप्रिल २०१४पासून कायद्याने सुरू झाला. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजासाठी खर्च करायचा. आरोग्य हा त्यातला मोठा विषय. या निधीचा सर्वाधिक वाटा महाराष्ट्राला मिळतो. पण कायदाच कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि कारखाने मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात आहेत. केंद्राने आकांक्षित म्हणून निवडलेले गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे राज्याचे चार जिल्हे या नकाशाच्या कडेला राहतात. शिवाय २०२१च्या नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीच्या वर्षाव्यतिरिक्त तीन वर्षे. नर्सचा पगार द्यायला कायद्याची बंदी नाही. तरीही दिसते ती रुग्णवाहिका, सोनोग्राफी यंत्र, डायलिसिसची खुर्ची. तिच्यावर नाव लिहिता येते, उद्घाटनाचा फोटो निघतो. मुदत संपल्यावर चालकाचा पगार कोण देणार, हे करारात नसेल तर ती गाडी आरोग्य केंद्राच्या आवारात उभी राहते.

परदेशी निधीचा रस्ता एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातल्या २०२०मधल्या दुरुस्तीने अरुंद केला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. हिशेब कडक असावेत याबद्दल दुमत नाही. पण तालुक्यातल्या छोट्या संस्था दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांमार्फतच असा निधी मिळवत होत्या. इंग्रजीत प्रस्ताव लिहिणे आणि वेगळी नोंदणी सांभाळणे त्यांना झेपणारे नव्हते. दुर्गम पाड्यांवर पोचलेल्या त्याच होत्या.

सरकारी पैशाचे दोन नवे प्रवाह मात्र आशा वाढवतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करायला ७० हजार ५१ कोटी रुपयांची शिफारस केली. रक्कम मोठी आहे, पण उपकेंद्रांच्या इमारती, तपासणी सुविधा, तालुका आरोग्य युनिट अशी शीर्षे वरूनच ठरलेली, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या हाती अंमलबजावणीच उरते. दुसरा प्रवाह छोटा आणि अधिक मोलाचा. महाराष्ट्राने २०१५मध्ये आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी पेसा, म्हणजे ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांना लोकसंख्येच्या प्रमाणात थेट देण्याचा निर्णय घेतला. हा पैसा ग्रामसभेच्या कोषात येतो, खर्चाचा ठराव ग्रामसभा करते, आणि आरोग्य हा त्याच्या मान्य विषयांपैकी एक आहे.

गावे या निधीतून अजून रस्ता, समाजमंदिर, नाली यांकडे अधिक वळतात. त्याला गावाचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. आरोग्यासाठी काय मागता येते हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, आणि अंदाजपत्रक, ठराव, पावती यांची भाषा ग्रामसेवकापाशी अडते. ज्या बायांनी नवजात बाळाच्या वजनाप्रमाणे इंजेक्शनची मात्रा मोजली, त्यांना रोजकीर्द आणि पासबुक शिकवणे मुळीच अवघड नाही. पण त्या शिकवणीसाठी, बैठकीला येणाऱ्या बाईच्या बुडालेल्या रोजासाठी, आणि वर्षभर गावात जाऊन तिच्याबरोबर बसणाऱ्या एका कार्यकर्तीच्या पगारासाठी पैसे लागतात, आणि निधी देणाऱ्यांच्या यादीत हे खर्च आजही सर्वात खाली असतात.